विद्यासागरांचे ऋण

महाभारताच्या वनपर्वात यक्षाने धर्मराजास जे प्रश्न विचारले, त्यांत सुखी कोण, असाही एक प्रश्न आहे. धर्मराजाच्या उत्तरात राज्य नाही, संपत्ती नाही, विद्याही नाही. दिवस बराच कलल्यावर का होईना, परंतु आपल्या घरी भाजीपाला शिजवून खाणारा, ज्याच्या शिरावर कोणाचे देणे नाही आणि ज्यास पोटासाठी परमुलखात राहावे लागत नाही, तो मनुष्य तेथे सुखी ठरला आहे. ह्या उत्तरातील अनृणी हे पद विचार करण्यासारखे आहे. अनृणी म्हणजे धनवान नव्हे, आणि निर्धन म्हणजे ऋणी नव्हे. भाजीपाल्यावर निर्वाह करणारा अनृणी असू शकतो व पंचपक्वान्ने जेवणारा गळ्यापर्यंत ऋणात बुडालेला असू शकतो. संन्यस्ताने परिग्रहच सोडलेला असल्यामुळे त्याच्यापुरता हा प्रश्न मिटतो. गृहस्थाचा मात्र तो रोज सकाळी नव्याने उभा राहतो. गेल्या शतकापूर्वीच्या शतकात बंगालमध्ये होऊन गेलेल्या एका संस्कृत पंडिताच्या आयुष्यात ह्या एका पदाचे जितके अर्थ उलगडतात, तितके क्वचितच कोठे उलगडत असतील. ते पंडित म्हणजे ईश्वरचंद्र विद्यासागर होत.

त्यांचे कुलनाम वंद्योपाध्याय. जन्म २६ सप्टेंबर १८२० रोजी बीरसिंह ह्या खेड्यात झाला. हे गाव आज पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यात मोडते. आजोबा रामजय तर्कभूषण हे विद्वान व तितकेच मानी गृहस्थ होते. भाऊबंदकीला कंटाळून ते घर सोडून तीर्थाटनास निघून गेले, आणि मागे राहिलेल्या दुर्गादेवींनी मुलांस घेऊन माहेरचा आश्रय केला. तेथेही बोल ऐकण्याची पाळी आली तेव्हा त्या वेगळ्या झोपडीत राहू लागल्या व सूत कातून त्यावर मुलांचे पोट भरू लागल्या. अशा घरातील थोरला मुलगा ठाकुरदास वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी कलकत्त्यास गेला. शास्त्राध्ययनाला दहा-बारा वर्षे लागतील आणि तोवर आई सूत कातीत राहील, हे जाणून त्याने शास्त्र सोडले व व्यापाऱ्यांच्या पेढीवर उपयोगी पडेल एवढे इंग्रजी शिकावयास आरंभ केला.

ह्या ठाकुरदासांच्या उपवासाची हकीगत पुढे विद्यासागरांनी आपल्या अपुऱ्या राहिलेल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. ज्याच्या आश्रयाने ते राहत होते तो मनुष्य दयाळू होता, पण स्वतःच दरिद्री. एखाद्या दिवशी त्याच्याकडेच चूल पेटत नसे. ठाकुरदासांजवळ एक पितळी थाळी व एक लहान लोटा एवढीच चीजवस्तू होती. थाळी विकावी, पानावर जेवावे व आलेल्या पैशांत काही दिवस काढावेत, असा विचार करून ते कासारांच्या दुकानी गेले. अनोळखी मुलाकडून जुने भांडे घेतले तर नसते झेंगट मागे लागेल म्हणून एकाही दुकानदाराने ते घेतले नाही. एके दिवशी भुकेने चालवेना तेव्हा ते एका विधवा बाईच्या मुरमुऱ्यांच्या दुकानापुढे थांबले व नुसते पाणी मागितले. बाईने त्यांचा चेहरा पाहिला, मुरमुरे दिले, शेजारून दही आणून वाढले आणि ज्या दिवशी जेवण मिळणार नाही त्या दिवशी येऊन जात जा, असे बजावून सांगितले. पुढे ठाकुरदासांस दरमहा २ रुपयांची नोकरी लागली. ते दोन्ही रुपये त्यांनी आईकडे पाठवावयास सुरुवात केली व स्वतः पूर्वीसारखेच अर्धपोटी राहिले. पगार पाचावर, मग आठावर, शेवटी दहावर गेला.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ह्या सबंध काळात ठाकुरदास भुकेले राहिले, परघरी राहिले, पण कोणाचे खत लिहून दिल्याचे दिसत नाही. थाळी विकावयास निघालेला मनुष्य हा उसने मागावयास निघालेल्या मनुष्याहून वेगळा असतो. त्याचा हात स्वतःच्या वस्तूकडे जातो. मुलाने हा वारसा घेतला आणि त्या मुरमुऱ्यांच्या दुकानातील बाईचाही वारसा घेतला. पुढील सारे चरित्र म्हणजे ह्या दोन वारशांचे एकमेकांशी चाललेले भांडण आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आठ वर्षांचा ईश्वर वडिलांबरोबर पायी कलकत्त्यास आला. वाटेतील मैलांच्या दगडांवरून तो इंग्रजी आकडे शिकला, ही कथा त्यांच्या स्वतःच्याच लेखणीतली असल्यामुळे विश्वसनीय आहे. रस्त्यावरील गॅसच्या दिव्याखाली बसून त्यांनी अभ्यास केला ही मात्र लोकांनी जोडलेली दिसते, कारण कलकत्त्याच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते त्यांचे शिक्षण संपून बरीच वर्षे लोटल्यावर. १ जून १८२९ रोजी ते संस्कृत कॉलेजात दाखल झाले. व्याकरण, काव्य, अलंकार, वेदान्त, न्याय, स्मृती असा बारा वर्षांचा अभ्यास तेथे झाला. बिऱ्हाडी स्वयंपाक करणे, भांडी घासणे, धाकट्या भावांस जेवू घालणे हे सारे त्यांच्याकडेच असे. १८३९ मध्ये धर्मशास्त्राच्या परीक्षेनंतर मिळालेल्या प्रमाणपत्रावर विद्यासागर ही पदवी आढळते. पुढे ती नावालाच चिकटली.

१८४१ च्या डिसेंबरात फोर्ट विल्यम कॉलेजात ५० रुपये पगारावर ते मुख्य पंडित झाले. पहिली गोष्ट त्यांनी केली ती ही की, वडिलांस नोकरी सोडावयास लावून गावी पाठविले. पन्नासांची वाटणी ठरली. २० रुपये दरमहा बीरसिंहास जावयाचे आणि उरलेल्या ३० रुपयांत कलकत्त्याचे बिऱ्हाड चालवावयाचे. बिऱ्हाडात भाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ आणि घरगडी धरून नऊ माणसे होती. पाळीपाळीने सर्वांनी स्वयंपाक करावा, असा नियम होता. तीस रुपयांत नऊ माणसे म्हणजे माणशी सव्वातीन रुपये आणि वर काही आणे. त्या काळच्या स्वस्ताईतही ही ओढाताणच होती. तरी ह्या वर्षांत देणे झाल्याचे ऐकिवात नाही. मिळकत आधी, वाटणी नंतर आणि खर्च सर्वांत शेवटी, असा क्रम होता, आणि क्रम पाळला म्हणून पन्नास रुपये पुरले.

पहिले मोठे कर्ज त्यांनी काढले ते १८४७ च्या सुमारास, आणि ते चैनीसाठी अथवा कार्यप्रसंगासाठी नव्हते. मदनमोहन तर्कालंकार ह्या सहाध्यायी मित्राबरोबर त्यांनी संस्कृत यंत्र ह्या नावाचा छापखाना काढावयाचे ठरविले. लाकडी छापयंत्र ६०० रुपयांस मिळत होते आणि दोघांजवळ मिळून तेवढे पैसे नव्हते. नीलमाधव मुखोपाध्याय नावाच्या स्नेह्याकडून ६०० रुपये उसने घेतले. पैसे लवकर परत द्यावयाचे होते. विद्यासागरांनी फोर्ट विल्यम कॉलेजातील मार्शल साहेबांस ही गोष्ट सांगितली. भारतचंद्रांच्या अन्नदामंगल ह्या काव्याची शुद्ध प्रत मिळत नाही, कृष्णनगरच्या राजवाड्यातील मूळ पोथी आणून ती छापली तर कॉलेज १०० प्रती ६०० रुपयांस घेईल, असे ठरले. पोथी आली, छापली गेली, शंभर प्रती कॉलेजात गेल्या आणि सहाशे रुपये सावकाराकडे गेले. उरलेल्या प्रतींचे उत्पन्न छापखान्याचे. त्याच वर्षी छापलेल्या वेतालपंचविंशतीच्या बंगाली पुस्तकाच्या १०० प्रतीही कॉलेजाने ३०० रुपयांस घेतल्या.

सहाशे रुपयांचे हे कर्ज नीट पाहिले पाहिजे. घेतलेल्या पैशातून जी वस्तू आली तीच वस्तू पैसा मिळवू लागली. फेडीची वाट कर्ज घेतेवेळीच डोळ्यांपुढे होती, आणि ती दुसऱ्याच्या औदार्यावर नव्हे, तर स्वतःच्या श्रमावर उभी होती. शेतकऱ्याने बैलासाठी काढलेले कर्ज आणि मुलाच्या लग्नातील वाजंत्र्यासाठी काढलेले कर्ज ह्यांत जो भेद आहे, तोच येथे आहे. बैल नांगर ओढतो, वाजंत्री दुसऱ्या दिवशी आपल्या गावी जातात.

त्याच वर्षी संस्कृत कॉलेजाच्या सहायक चिटणिसाची जागा त्यांनी सोडली. वरिष्ठांशी शिक्षणाच्या सुधारणेवरून मतभेद झाला होता. आता खाणार काय, असे कोणी विचारले असता भाजी विकेन, वाण्याचे दुकान टाकीन, पण मान गमावून नोकरी करणार नाही, अशा आशयाचे त्यांनी सांगितले, ही गोष्ट बंगालमध्ये घरोघरी ठाऊक आहे. तीपुढची गोष्ट मात्र थोडे लोक सांगतात. बिऱ्हाडातील आश्रित तसेच जेवत राहिले, आणि गावी पाठवावयाचे पैसे थांबू नयेत म्हणून त्यांनी दरमहा उसने काढून ५० रुपये पाठविले. वडिलांस आपली अडचण कळू नये हा हेतू. हेतू प्रेमाचा, पण ह्याच ठिकाणी प्रथम मिळकत नसताना वाटणी चालू राहिली. पाच-पन्नास रुपयांची ही बाब पुढे नोकरी लागताच मिटली, म्हणून कोणी तिकडे लक्ष दिले नाही.

मग भराभर दिवस पालटले. १८५० च्या अखेरीस ते संस्कृत कॉलेजात साहित्याचे अध्यापक झाले व १८५१ च्या जानेवारीत १५० रुपयांवर प्रिन्सिपॉल. पगार ३०० झाला. १८५५ मध्ये शाळा तपासनिसाचे काम जोडले गेले तेव्हा एकूण ५०० झाला. त्याच वर्षी वर्णपरिचयाचे दोन भाग निघाले. बंगालमधील लेकरे पिढ्यान्‌पिढ्या ज्या पुस्तकावरून अक्षरे शिकली ते हे पुस्तक. पुस्तकांच्या विक्रीतून दरमहा हजारो रुपये येऊ लागले. अंगावर मात्र जाडेभरडे धोतर, चादर आणि पायांत साध्या वहाणाच राहिल्या. साहेबाच्या भेटीस जाताना पोशाख करावा, हेही त्यांनी मानले नाही. खर्चाची एकच हौस त्यांस होती आणि ती ग्रंथांची. मौल्यवान ग्रंथांस ते उत्तम चामड्याची बांधणी करवून घेत. एका श्रीमंत पाहुण्याने इतका पैसा बांधणीवर कशाला, असे म्हटले तेव्हा त्यांनी पाहुण्याच्या अंगावरील भारी शालीकडे बोट दाखवून घोंगडीनेही थंडी जाते, हे त्याच्या लक्षात आणून दिले, असे सांगतात.

१८५५ मध्ये विधवाविवाहाचे शास्त्रीय प्रतिपादन करणारी त्यांची दोन पुस्तके निघाली. पाराशर स्मृतीच्या आधारावर रचलेले ते विवेचन आजही वाचण्याजोगे आहे. विष्णुशास्त्री पंडित ह्यांनी त्याचे मराठीत भाषांतर केले व महाराष्ट्रातही तो वाद पेटला. सरकारकडे ९८७ सह्यांचा अर्ज गेला. २६ जुलै १८५६ रोजी कायदा झाला. ७ डिसेंबर १८५६ रोजी कलकत्त्यात राजकृष्ण वंद्योपाध्याय ह्यांच्या घरी श्रीशचंद्र विद्यारत्न व कालीमती ह्यांचा विवाह लागला.

कायदा करण्यास पैसा लागला नव्हता. विवाह लावण्यास लागला. विधवेशी लग्न करणाऱ्या वरास जातीबाहेर टाकीत, घरातून काढीत, नोकरी सुटे. लग्न थाटाचे झाले नाही तर लोक ते लग्नच नव्हे म्हणत. म्हणून दागिने, वस्त्रे, पंडितांची दक्षिणा, जेवणावळी हे सारे यथासांग करावे लागे. जोडप्याचा पुढील निर्वाहही पाहावा लागे. काही वर तर पैशाकडे पाहूनच बोहल्यावर चढले, ही कडू गोष्टही चरित्रकारांनी लपविलेली नाही. १८५६ ते १८६७ ह्या काळात ६० विवाह झाले व त्यांस ८२,००० रुपये लागले, असा हिशेब सांगितला जातो. आरंभी अनेक धनिकांनी वर्गणीचे वचन दिले होते. कोणी काही महिने दिले, कोणी दिलेच नाही. वचन देणारे घरी बसले आणि वचनावर विसंबून ज्याने खर्च केला तो एकटा सावकारांच्या दारी उभा राहिला.

ह्याच काळात त्यांनी ५०० रुपयांची जागाही सोडली. १८५८ च्या नोव्हेंबरात हे घडले. त्यापूर्वी एक वर्षभरात त्यांनी खेड्यापाड्यांतून मुलींच्या ३५ शाळा उघडल्या होत्या. वरिष्ठांची तोंडी संमती आहे असे समजून शिक्षक नेमले गेले. सरकारने मंजुरी नाकारली आणि शिक्षकांचे ३,४३९ रुपये थकले. ते पैसे शेवटी सरकारने दिले, पण तोवर ते ओझे त्यांच्याच माथ्यावर होते. येथेही खर्च आधी झाला व मंजुरी मागून यावयाची होती. दुसऱ्याच्या शब्दास नाणे समजण्याची ही चूक त्यांच्या हातून एकदा नव्हे, अनेकदा झाली, आणि ती चूक होती असे म्हणण्यास त्यांच्याविषयीच्या आदराने अडखळण्याचे कारण नाही. जो स्वतः शब्दाचा पक्का असतो, त्यास दुसऱ्याचा शब्द कच्चा असेल अशी शंका येत नाही. सज्जनांच्या ऋणाचे हे एक मोठे मूळ आहे.

कर्ज ५०,००० च्या घरात गेले, असे सांगतात. त्यांची पत मात्र कधी गेली नाही, आणि ती न जाण्याचे कारणच एका अर्थी घातक होते. एकाची मुदत भरली की ते दुसऱ्याकडून घेऊन त्याचे तारखेस देत. सावकारास तारीख चुकलेली दिसत नसे, म्हणून तो पुन्हा देई. पाण्याचा घडा एका रांजणातून दुसऱ्यात ओतीत राहिल्याने घरातले पाणी वाढत नाही, हे त्यांच्यासारख्या हिशेबी माणसास कळत नव्हते असे नाही. परंतु त्यांच्या दाराशी रोज कोणी तरी येई. कोणाची फी, कोणाचे औषध, कोणाच्या बापाचे श्राद्ध. १८६६ च्या भीषण दुष्काळात तर त्यांनी बीरसिंहास स्वखर्चाने अन्नसत्र घातले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात उत्तरपाड्याहून परतताना गाडी उलटून त्यांच्या यकृतास इजा झाली. ती प्रकृती पुन्हा धड झाली नाही. मिळविणारे शरीर खालावले आणि देणे तसेच उभे राहिले.

१८६७ मध्ये हिंदू पेट्रियट ह्या पत्राने त्यांच्या कर्जाची वार्ता छापून लोकांनी वर्गणी काढून त्यांस ऋणमुक्त करावे, असे सुचविले. सुचविणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. विद्यासागरांनी मात्र जाहीर रीतीने नकार कळविला. आपण अशी विनंती केलेली नाही, विधवाविवाहासाठी झालेले कर्ज आपले आहे व ते आपणच फेडू, असे त्यांनी स्पष्ट केले. पूर्वी वचने देऊन ज्यांनी ती मोडली त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या प्रसंगी त्यांनी काढले नाही. १८६९ मध्ये छापखान्याचे तीनपैकी दोन हिस्से त्यांनी विकले. प्रत्येकाचे ४,००० प्रमाणे ८,००० रुपये आले ते देण्यात गेले. सहाशे रुपयांच्या निर्दोष कर्जातून जे यंत्र उभे राहिले होते ते दयेपोटी झालेल्या कर्जात असे विकले गेले.

ह्याच काळाच्या पोटात मायकेल मधुसूदन दत्त ह्यांची कथा येते. हे मोठ्या वकिलाचे लाडके पुत्र. धर्मांतर, मद्रासचा वास, मग कलकत्त्यात परतून १८६१ मध्ये मेघनादवध काव्य, असा त्यांचा प्रवास झाला. बंगाली कवितेस नवे छंद देणाऱ्या ह्या कवीस पैशाचे मोल कधी उमगले नाही. १८६२ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी ते विलायतेस गेले. मालमत्तेचा बंदोबस्त करून नियमित पैसे यावेत अशी व्यवस्था त्यांनी लावली होती. ज्यांच्यावर विसंबले त्यांनी पैसे पाठविणे थांबविले. खर्च कमी व्हावा म्हणून ते कुटुंबासह फ्रान्समध्ये व्हर्साय येथे राहिले. तेथे उपासमार व ऋणापायी तुरुंग, अशी वेळ आली. १८६४ च्या जूनमध्ये त्यांनी विद्यासागरांस पत्र लिहिले. विद्यासागर त्या वेळी स्वतः गळ्याएवढ्या कर्जात होते. तरी पहिल्याने १,५०० रुपये गेले, आणि पुढे स्वतःच्या पतीवर इतरांकडून घेऊन आणखी मोठ्या रकमा गेल्या. देणाऱ्यांत पहिल्या विधवाविवाहातील वर श्रीशचंद्रही होते. मधुसूदन बॅरिस्टर झाले व १८६७ मध्ये परतले.

विद्यासागरांनी त्यांच्यासाठी एक घर भाड्याने घेऊन सजवून ठेवले होते. मधुसूदन तेथे उतरले नाहीत. ते स्पेन्सेस ह्या इंग्रजी हॉटेलात जाऊन राहिले. वकिलीत मिळकत बरी होती, पुढे हायकोर्टात हजाराहून अधिक पगाराची जागाही मिळाली. पण हातात शंभर आले की दोनशेचा खर्च ठरलेलाच. इकडे ज्यांनी विद्यासागरांच्या शब्दावर पैसे दिले होते ते तगादा करू लागले. मधुसूदनांची वडिलार्जित मालमत्ता विकण्याची पाळी आली. शेवटी पुन्हा हात पसरला गेला तेव्हा, आता आपल्याकडून काही होणे नाही, असे त्या दयेच्या सागरासही कळवावे लागले. २६ जून १८७३ रोजी मधुसूदनांच्या पत्नी हेन्रिएटा वारल्या, आणि तीन दिवसांनी रुग्णालयात मधुसूदनही गेले. वय अवघे एकोणपन्नास.

दोघांच्याही वह्यांत कर्जाचे आकडे होते, पण त्या आकड्यांची जात एक नव्हती. मधुसूदनांचे ऋण स्वतःच्या भोगातून आले. विद्यासागरांचे ऋण दुसऱ्याच्या दुःखातून आले, आणि त्यांचा स्वतःचा खर्च पन्नास रुपये पगाराच्या दिवसांत जेवढा होता त्याहून फारसा वाढला नव्हता. म्हणूनच एकास फेड करता आली व दुसऱ्यास आली नाही. ज्याचा घरखर्च मिळकतीच्या कितीतरी आत आहे, त्याच्या हाती रोज काही उरते, आणि उरलेल्यातून डोंगर पोखरता येतो. तथापि सावकाराच्या वहीत दया व भोग असे दोन रकाने नसतात. तगाद्याचा माणूस दोघांच्याही दारी सारख्याच आवाजात हाक मारी. विद्यासागरांच्या उत्तरायुष्यातील कडवटपणा, आप्तांशी दुरावा, गावी पुन्हा पाऊल न टाकण्याचा निश्चय, ह्यांस इतर कारणे होतीच. पण दीर्घकाळ ऋणाखाली वाकून चालण्याचा भाग त्यांत नव्हता, असे म्हणवत नाही.

ह्या अनुभवातूनच असेल, १८७२ मध्ये त्यांनी एका वेगळ्या कामास हात घातला. कचेरीत तीस-चाळीस रुपये मिळविणारा बंगाली कारकून मेला की दुसऱ्या दिवशी त्याची बायको व आई उघड्यावर पडत, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिले होते, आणि दर वेळी त्या बायका त्यांच्याच दारी येत. १५ जून १८७२ रोजी हिंदू फॅमिली अॅन्युइटी फंड स्थापन झाला. सभासदाने जिवंतपणी दरमहा थोडी वर्गणी भरावयाची, आणि त्याच्या मागे पत्नीस, मुलांस अथवा आईबापांस दरमहा ठरलेले वेतन मिळावयाचे. आरंभी केवळ १० सभासद होते. विद्यासागर विश्वस्त झाले. चार वर्षे होण्याच्या आतच संचालकांच्या कारभारात शिस्त राहिली नाही, असे त्यांस वाटू लागले. १८७६ मध्ये त्यांनी विश्वस्तपद सोडले. लोकांचा पैसा ज्याच्या नावावर विश्वासून ठेवला जातो, त्याने कारभार पटेनासा झाल्यावर नाव तेथे ठेवू नये, हा त्यांचा दंडक. फंड मात्र पुढे चालू राहिला व अनेक घरांस आधार झाला. भिक्षा देऊन जे कधी पुरे पडले नसते, ते त्यांनी येथे नियमाने साधले. ह्या कामाची आठवण त्यांच्या दानशूरपणाच्या कथांपुढे झाकोळून गेली आहे, हे खेदाचे आहे.

वार्धक्यात ते कर्माटाड येथे संथाळांच्या वस्तीत वरचेवर जाऊन राहू लागले. आज हे ठिकाण झारखंडात आहे व तेथील रेल्वे स्टेशनास त्यांचेच नाव आहे. हरप्रसाद शास्त्री एकदा तेथे उतरले असता त्यांनी जे पाहिले ते लिहून ठेवले आहे. सकाळी संथाळ मक्याची कणसे घेऊन येत. पैशाची नड आहे, हे घ्या आणि एवढे द्या, असे म्हणत. विद्यासागर सांगतील त्या भावाने कणसे घेत व फळीवर रचून ठेवीत. दिवस चढला की दुसरे संथाळ भुकेने येत आणि फळीवरची कणसे त्यांस वाटली जात. उसने देणे नाही, खत नाही, व्याज नाही. पुस्तकांच्या आलेल्या पैशातून रोख दिले व जे आले ते त्याच दिवशी वाटून टाकले. मुरमुऱ्यांच्या दुकानातील ती बाई आणि थाळी विकावयास निघालेले ठाकुरदास, ह्या दोघांचे भांडण त्या फळीपाशी मिटलेले दिसते.

पुस्तकांच्या उत्पन्नातून देणे फिटत आले होते. ३१ मे १८७५ रोजी त्यांनी मृत्युपत्र केले. त्यात आप्त, आश्रित, गावची शाळा व दवाखाना ह्यांस दरमहा काय द्यावयाचे ते रकमेनिशी लिहिले. एकुलता एक पुत्र नारायणचंद्र ह्यास वर्तनामुळे वारसा नाकारला. हाच पुत्र १८७० मध्ये स्वेच्छेने विधवेशी विवाह करून पित्यास धन्य वाटावयास लावणारा होता. २९ जुलै १८९१ रोजी कलकत्त्यातील बादुडबागानच्या घरी विद्यासागरांनी देह ठेवला.

त्या घरात त्यांचा ग्रंथसंग्रह होता, भारी चामड्याच्या बांधणीचा. त्यांच्या पश्चात तो कर्जापायी गहाण पडला. लालगोल्याचे राजे योगींद्रनारायण राय ह्यांनी पैसे भरून तो सोडविला व वंगीय साहित्य परिषदेच्या स्वाधीन केला.